शेरा: भरपूर

"पत्र मिळालं ना?" मी बांधावरूनच विचारलं.

"मिळालं की!" भागुजी थिटे वाफ्यांना पाणी लावत होते. फावडं तसंच चिखलात रोवून ते हसत पुढे आले. "मिळालं, वाचलं, धा जनांस्नी दावलं. या, या, वाघचौरेबाई. पत्रामागनं सरकारी मानूस सवता येतंय, आसं पयल्यांदाच बगतोय."

त्यांच्या हसण्याचा अर्थ मला लागेना. असं पत्र मिळाल्यावर माणूस हसत नाही. राग आला असेल आणि ते टोचून बोलत असतील, असं मी धरून चालले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिच्यात कापडी पिशव्या, लेबलं, एक प्लास्टिकचा डबा आणि आईच्या स्वयंपाकघरातून आणलेलं लाकडी उलथनं होतं.

पत्र मी अठरा दिवसांपूर्वी पाठवलं होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञ होते. शहराच्या कचऱ्यापासून खत तयार व्हायला लागलं होतं आणि त्याच्या ट्रॉल्या आसपासच्या गावांत जात होत्या. खापरवाडीच्या शेतकरी मेळाव्यात त्या खताची माहिती द्यायला मलाच पाठवलं होतं. सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळे आकडे चांगले होते. मी माइकवरून सांगितलं होतं, "या खतानं हलकी जमीन भारी होते." आणखी काही तपासलंय का, असं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याला अडीच वर्षं झाली. मग प्रयोगशाळेत धातू मोजायचं नवं यंत्र आलं. हात बसावा म्हणून मी हाताशी असलेले नमुने त्यावर लावले. त्यात थिट्यांच्या वीस गुंठ्यांची माती होती आणि त्यातलाच पालक. पालकात शिसं मर्यादेच्या तिप्पट आलं, कॅडमियम त्याहून वर. माझीच चूक असणार असं वाटून मी सगळी काचेची भांडी आम्लात बुडवून ठेवली, यंत्रातला दिवा बदलला, ताजी द्रावणं केली. तीनदा मोजलं. आकडा हलला नाही.

पत्राच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'या शेतातली पालेभाजी खाऊ नका, विकू नका.' आमचे प्रमुख नाईकनवरे सर यांनी ती ओळ लाल पेनाने खोडली.

"एक नमुना, वाघचौरे. एक यंत्र, तेही महिन्याभराचं. उद्या हा आकडा चुकीचा निघाला, तर त्या माणसाच्या शेताला लागलेला डाग कोण पुसणार? तुम्ही?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला वाद घालता आला नाही. खोडलेल्या ओळीवर त्यांनी लिहिलं, 'सदर बाबत पुनर्तपासणीनंतर कळवण्यात येईल.' मी तसं टाइप केलं, नेहमीचा छापील तक्ता भरून जोडला आणि पाकीट टपालात टाकलं. तक्ता पाहिला की कुणालाही समजेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी थिटे धावत येतील, अशी माझी खात्री होती.

कुणी आलं नाही. रोज टपाल आलं की मी पाकिटांवरची गावं वाचत असे. अठराव्या दिवशी, एका शनिवारी, रजा टाकून एसटीने खापरवाडीच्या फाट्यावर उतरले. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुन्हा नमुना घ्यायचाय," मी म्हणाले. "माती आणि भाजी, दोन्ही."

"घ्या की, हवी तेवडी घ्या." माझ्या हातातलं उलथनं बघून ते थबकले. "ह्ये काय? भाजी परतायची हाय व्हय हितं?"

"लोखंडी खुरप्यानं घेतलं तर खुरप्याचा अंश मातीत येतो."

"आसं." त्यांनी मान डोलावली. "लई बारीक काम हाय तुमचं."

मी वाफ्यात उतरले. अडीच वर्षांपूर्वी ही तांबडी, मुरमाड जमीन होती. पायाखाली करकरायची. आता ती काळपट, भुसभुशीत झाली होती आणि टाच आत रुतत होती. पालकाची पानं तळहातापेक्षा मोठी होती, इतकी हिरवी की जवळजवळ काळी. उलथन्याने खड्डा करताना काचेचा तुकडा लागला, मग प्लास्टिकच्या पट्ट्या, मग पेन्सिलीच्या जाडीची एक काळी कांडी. टॉर्चच्या सेलमधली. मी ती वेगळ्या पिशवीत टाकली.

"आसल्या लई निगत्यात," भागुजी म्हणाले. "आमी येचून बांधाला टाकतो. शेराची मान्सं काय काय टाकत्यात कचऱ्यात! मागं तर पितळंचा नळ घावला. आजून चालतोय."

मी पानं खुडत होते. विचारायची भीती वाटत होती ते विचारलं.

"ही भाजी बाजारात किती जाते?"

"ह्या वाफ्यातली?" त्यांनी हात झटकले. "तुमचं पत्र आल्यापास्नं एक जुडीबी गेली न्हाई. इकायची बंद केली."

मला हायसं वाटलं. अठरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे त्यांना समजलं होतं. ओळ खोडली होती तरी आकड्यांनी आपलं काम केलं होतं. त्यांचं हसणंही आता मला वेगळं दिसलं. अडचणीतही पाहुण्याशी हसून बोलणारा माणूस.

"फार बरं केलंत," मी म्हणाले. "तुमचं नुकसान होतंय, कळतंय मला. पण फार बरं केलंत."

"आवं, नुसकान कसलं? घरचंच हाय." त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "चला. जेवल्याबिगर जायचं न्हाई. लेक आलीय बाळंतपनाला. पयलंच हाय. तिनंच वाचलं तुमचं पत्र."

घर वाफ्यांपासून हाकेच्या अंतरावर होतं. पत्र्याचं छप्पर, सारवलेलं अंगण, एका बाजूला म्हैस. भागुजींची बायको अनसाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांची मुलगी मंदा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. विशीची, सातवा महिना. मला बघून ती उठायला लागली.

"बस, बस. उठू नकोस," मी म्हणाले.

"ह्या व्हय त्या पत्रवाल्या?" अनसाबाईंनी माझ्या हातातल्या उलथन्याकडे बघितलं. "आन उलथनं घिऊन आल्यात! आमच्यात उलथनं हाय हो बाई, तेवडं काय गरीब न्हाई आमी."

मंदा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार हलकं वाटत होतं. आता नमुने न्यायचे, पुन्हा मोजायचे आणि पुढचं सरांवर सोपवायचं.

ताटं आली. बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा आणि वाटीत शेंगदाणे घातलेली पातळ भाजी. हिरवीगार. वर लसणाची फोडणी तरंगत होती.

मी वाटीकडे बघत राहिले.

"ही कुठली भाजी?"

"पालक न्हवं का!" अनसाबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे कुठल्या शेतातला?"

"आता दुसऱ्याचा कशाला आनू? वाफ्यातलाच की." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ह्यांनी तर इकायचीच बंद केलीया. म्हनले, येवडी चांगली भाजी शेराला कशापायी घालायची? पयली लेकीला. दोन टायमाला करते. सकाळी पातळ, सांजच्याला परतून."

मंदाच्या ताटातही तीच वाटी होती, माझ्या वाटीपेक्षा मोठी. ती जेवायला सुरुवात करत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"घ्या ना मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही घास घेतल्याशिवाय मी कशी घेऊ?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून ठेवला. मी जेवत नव्हते तोवर तीही जेवणार नव्हती. एवढंच मला सुचलं. डोक्यात शब्द जुळवत होते. 'मर्यादेपेक्षा जास्त', 'संभाव्य धोका', 'पुनर्तपासणी'. एकही शब्द त्या चुलीपुढे बोलता येण्यासारखा नव्हता.

"पत्र तू वाचलंस ना?" मी विचारलं.

"हो. दहावीला विज्ञानात एकाहत्तर होते मला," मंदा म्हणाली. "म्हणून घरात सगळं मलाच वाचायला देतात."

"काय समजलं त्यातून?"

ती मागे वळली. देव्हाऱ्याखालच्या फळीवरून तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. तो माझा तक्ता होता. घडीवर हळदीचा डाग पडला होता.

"आमच्या शेताचा हा तिसरा अहवाल," ती सांगू लागली. "पहिल्या दोन्हींत सगळीकडे 'कमी' होतं. कर्ब कमी. नत्र कमी. दादा, म्हणजे वडील, दोन दिवस जेवले नव्हते. आणि ह्यात बघा ना." तिने बोट ठेवून वाचलं. "'जड धातू: भरपूर.'"

तिचं बोट जिथे होतं तिथे निळ्या शाईचा शिक्का होता.

आमच्या प्रयोगशाळेत तीन रबरी शिक्के होते. कमी, मध्यम, भरपूर. रोज शंभर अहवाल निघायचे, हाताने कोण लिहिणार? आकडा बघायचा, शेऱ्याच्या रकान्यात शिक्का मारायचा. धातूंची ओळ मी तक्त्याच्या तळाशी हाताने वाढवली होती. आकडा मर्यादेच्या वर होता. माझा हात सवयीने तिसऱ्या शिक्क्याकडे गेला होता. 'विषारी' असा शिक्का आमच्याकडे नव्हता.

"तुमीच म्हनला हुता मेळाव्यात," भागुजी दारातून म्हणाले. ते हात धुऊन आले होते. "ह्या खतानं हलकी जमीन भारी हुईल. आन पत्रात आलं, जड. म्या म्हनलं, झालं. बाईंचा शबूद खरा झाला."

"आणि धातू म्हणजे लोह ना," मंदा म्हणाली. "नर्सबाईंनी सांगितलंय, तुझ्या अंगात लोह कमी आहे, पालेभाजी खा. मग आपल्याच पालकात भरपूर आहे म्हटल्यावर... ते शेजारी इंग्लिशमध्ये पीबी आणि सीडी लिहिलंय, ते नाही समजलं. लोहाचं एफई असतं, ते माहीत होतं. दादा म्हणाले, सीडी म्हणजे पिक्चरची असेल."

सगळे हसले. त्या हसण्यातच अनसाबाई म्हणाल्या, "आगं, तू घे गं. दोन जिवाची हायस, तुला कसला आलाय मान-पान? निवलं सगळं."

मंदाने घास बुडवला आणि उचलला. मी ताटावरून हात पुढे टाकून तिचं मनगट धरलं. माझी वाटी कलंडली. हिरवं पाणी सारवणावरून तिच्या पायाकडे गेलं.

"खाऊ नकोस," मी म्हणाले. "थुंक, तोंडात असेल तर थुंक. खाऊ नकोस."

तव्यावर भाकरी करपायला लागली, तिचा वास आला.

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. शिसं, बॅटऱ्या, जुना रंग, कारखान्यांचा गाळ. हे कचऱ्यात असतं, खतात येतं, पालक ते मातीतून ओढून घेतो. धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. दिसत नाही, चवीला लागत नाही. पीबी म्हणजे शिसं, सीडी म्हणजे कॅडमियम. हे लोह नव्हे. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं.

मंदाने घास ताटाच्या कडेला ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल. दुसरा हात पोटावर होता.

"किती जातं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"माझ्या बाळापर्यंत किती गेलं असेल?"

"मला माहीत नाही, मंदा."

"मग तुम्हाला काय माहीत आहे?"

ती ओरडली नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. माझ्याकडे होते ते पालकातले आकडे, दशांश चिन्हानंतरच्या तीन स्थळांपर्यंत.

अनसाबाई चुलीपुढून उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं.

"मंग 'खाऊ नका' आसं लिवायचं हुतं की बाई. चार अक्षरं. येवड्या मोठ्या कागदावर चार अक्षरांस्नी जागा न्हवती व्हय?"

"लिहिली होती."

"कुटं? दाव की."

"मग काढली."

"कुनी काढली?"

सरांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. लाल पेनही दिसत होतं. पण तो कागद मशीनमध्ये घालणारे, शिक्का उचलणारे आणि पाकीट चिकटवणारे हात माझेच होते.

"मीच टाइप केलं," मी म्हणाले.

भागुजींनी चुलीजवळचं भाजीचं पातेलं उचललं आणि बाहेर गेले. मी त्यांच्यामागे गेले. ते अंगणाच्या मधोमध पातेलं धरून उभे होते. म्हशीच्या गव्हाणीकडे वळले.

"म्हशीला नका घालू," मी म्हणाले.

ते उकिरड्याकडे वळले. तिथे स्वतःच थांबले. उकिरडा शेवटी शेतातच जायचा होता. त्यांनी ओढ्याच्या बाजूला बघितलं, मग वाफ्यांकडे, मग माझ्याकडे.

"मंग टाकू कुटं?" त्यांनी विचारलं.

ते रागावून विचारत नव्हते, हे मला अजून आठवतं. एखादं काम कसं करायचं ते विचारावं, तसं विचारत होते. मी माझा प्लास्टिकचा डबा उघडून पुढे धरला. त्यांनी पातेलं तिरपं केलं आणि भाजी त्यात ओतली. थेंब सांडू न देता, जपून. मी त्यावर लेबल लावलं. तारीख, गाव, नाव. नमुन्याचा प्रकार या ओळीपुढे काय लिहावं ते सुचेना. 'जेवण' असं लिहिलं.

सोमवारी तो डबा मी सरांच्या टेबलावर ठेवला. ते फायलीत बघत होते. त्यांनी लेबल वाचलं. मग मी सातवा महिना म्हणाले, दोन टायमाला म्हणाले, आणि ऑफिसच्या प्रतीवरचा शिक्का दाखवला. त्यांनी तो निळा शब्द वाचला. मग चष्मा पुसला आणि शिपायाला हाक मारली, "जीप काढायला सांगा."

त्या आठवड्यात ते स्वतः खापरवाडीत फिरले. खत घेतलेली आठ घरं होती. प्रत्येक दारात उभं राहून ते एकच वाक्य बोलत होते, "हे खाऊ नका." कुणी पुरावा मागितला की म्हणत, "पुरावा नंतर देतो. आधी खाणं बंद करा." दुसऱ्या तपासणीत आकडे तेच आले. तिसऱ्यातही.

मंदाचं रक्त मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. बावीस दिवसांनी उत्तर आलं. शिसं मर्यादेच्या आत, पण काठावर. काठावर म्हणजे बाळाला काय, हे मी तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. कॅडमियम मोजायची सोय तेव्हा तिथे नव्हती. ते मूत्रपिंडात साठतं आणि वीस-तीस वर्षं हलत नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. हे मी मंदाला सांगितलं. यावेळी काहीही गाळलं नाही. तिने वहीत लिहून घेतलं, मधेच थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला.

भागुजींनी त्या वीस गुंठ्यांत पुन्हा खायचं काही लावलं नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला ते प्रयोगशाळेत आले, शेवंतीचा भारा घेऊन. माझ्या टेबलावर तो ठेवत म्हणाले, "ही खायची न्हाईत बरं का, बाई. डोक्यात घाला." तीन शिक्के तोवर मी कपाटात बंद केले होते. शेरे हाताने लिहीत होते, दिवसाला शंभर.

पण त्याआधी, एप्रिलच्या शेवटी, मंदाचं पोस्टकार्ड आलं होतं. ते माझ्याकडे अजून आहे. शाई फिकी झालीय, तरी वाचता येतं. तिने पट्टीने रेघा मारून आमच्या तक्त्यासारखा तक्ता आखला होता. डावीकडे घटक, उजवीकडे शेरा.

मुलगी. वजन: मध्यम. जावळ: कमी. रडणे: भरपूर.

ती थट्टा होती की टोमणा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. ती मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली असेल. तक्त्याच्या खाली, शिफारशींच्या जागी, मंदाने एकच ओळ लिहिली होती. माझ्या पत्रातलीच, फक्त सुरुवातीचा शब्द तिचा.

'बाकी पुनर्तपासणीनंतर कळवण्यात येईल.'